मशीन उमैमाच्या नावे करण्याचे कारण

शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५. देऊळगाव राजा.

आज सकाळी दुकान उघडले. एका जिनिंगची पाती घासायला आली होती, ती मशीनवर लावली. दुपारी जुम्याची नमाज पढून घरी जेवलो आणि पुन्हा दुकानात आलो. वकिलांनी टाइप करून दिलेला मसुदा समोर ठेवला आहे. त्यात सर्व बरोबर आहे, फक्त कारण नाही. वकील म्हणाले, "कारण लिहायची गरज नसते, शकीलभाई. कारण लिहिलं की भांडायला जागा होते." मला उलट वाटते. कारण लिहिले नाही तर उद्या लोक म्हणतील की म्हाताऱ्याला पुतणीने भुलवले. म्हणून हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने पुन्हा लिहीत आहे.

मी, शेख शकील शेख महेमूद, वय ६४, धंदा ग्राइंडिंग, मूळ राहणार अमडापूर, तालुका चिखली, हल्ली देऊळगाव राजा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. साखरेचा आजार आहे, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही खाऊ-पिऊ घालून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरातली बोली वेगळी आहे, पण शाळा मराठी झाली आणि दुकान मराठीत चालले, म्हणून कागदही मराठीत आणि त्यात घरच्यांचे बोलणेही.

माझे वारस दोन: पत्नी खैरुन्निसा आणि मुलगा नौशाद. माझा मोठा भाऊ अकील याच उन्हाळ्यात वारला. त्याला एकच मुलगी, उमैमा. तिने बुलढाण्याला आयटीआय केले आहे आणि ती माझ्या दुकानात काम करते.

कलम १. दफन. माझा खर्च साधा ठेवावा. कबरस्तानात अकीलच्या शेजारी जागा आहे, ती नौशादने धरून ठेवल्याचे मला कळले. तिथे मला ठेवू नये. त्याच्या पायाकडच्या ओळीत जागा मिळाली तर ती घ्यावी. नाही मिळाली तर कुठेही चालेल, पण शेजारी नको.

कलम २. घर. राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते शरीयतप्रमाणे पत्नी आणि मुलगा यांच्याकडे जाईल, त्यात मी काही बदल करत नाही. फक्त एवढे मागतो की खैरुन्निसा जिवंत असेपर्यंत तिची खोली आणि मागचा हौद कोणी पाडू नये. नौशादला तिथे गाडीसाठी शेड करायची आहे. शेड पुढे करावी.

कलम ३. बँकेतील शिल्लक. यातून प्रथम माझ्या दफनाचा खर्च आणि कोणाचे काही निघत असेल तर ते द्यावे. उरलेले वारसांचे.

कलम ४. मशीन. दुकानाची जागा भाड्याची आहे, तिच्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. माझे आहे ते सरफेस ग्राइंडिंग मशीन, त्याची टाकी आणि पंप, घासायची सर्व चाके, चाक साफ करायचा डायमंड, मापे आणि इतर हत्यारे. मशीन माझ्या एकट्याच्या नावावर आहे. अकीलला मी नाव लावू म्हटले होते, तेव्हा तो म्हणाला, "माहं नाव कशाले? मी तं बसून राहणारा माणूस." मी फारसा आग्रह केला नाही.

आमच्या कायद्याप्रमाणे माणसाला वारसांव्यतिरिक्त कोणाला द्यायचे असेल तर एक तृतीयांशापर्यंतच देता येते. वरील सर्व वस्तूंची किंमत त्या मर्यादेत बसते, हे वकिलांनी तपासले आहे. या सर्व वस्तू मी माझी पुतणी उमैमा शेख अकील हिला देतो. ही भावाच्या मुलीवर केलेली मेहरबानी नाही. ती का नाही ते पुढे लिहितो.

आम्ही कडक केलेले स्टील घासतो. डाय, पंच, पत्रा कापायची पाती. भट्टीतून कडक होऊन आलेला माल मापात आणून त्याला धार द्यायची, हे आमचे काम. मशीनवर मी उभा राहत असे. अकील आधी जालन्याला कारखान्यात होता, तिथे त्याची कंबर गेली, म्हणून त्याला फार वेळ उभे राहता येत नसे. तो सकाळी माझ्या आधी येई, चाक बांधून ठेवी, टाकीतले कूलंट, म्हणजे घासताना माल थंड ठेवणारे तेल-पाणी, पाही, आणि मी आलो की खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांची टिंगल करी. जालन्याहून चाके आणायचे कामही त्याचेच. गिऱ्हाइकांसमोर मी त्याची ओळख करून देई, "हे आमचे भाईजान, पाणी पाहतात." लोक हसत. तोही हसे. एकदा छत्रपती संभाजीनगरहून एक साहेब आले, डायवर बोट फिरवून म्हणाले की असा आरसा तिकडेही मिळत नाही. मी अकीलला म्हणालो, "भाईजान, चहा सांगा." तो कंबर धरून उठला आणि चहा सांगायला गेला.

माझे मत असे होते की स्टील कडक तर चाकही कडक पाहिजे. मऊ चाक लवकर झिजते, म्हणजे नुकसान. तसेच कूलंट दुधासारखे दाट पाहिजे, जेवढे तेल जास्त तेवढा माल थंड. अकील चाके आणायला निघाला की मी बजावत असे, "कडकच आणा हं."

"हाव बे, दगडासारखं आणतो."

आल्यावर तोच ते मशीनवर बांधी. चाक किती कडक ते लिहिलेला चाकावरचा कागद बांधणीच्या चकतीखाली दबतो, त्यामुळे मी तो कधी वाचला नाही. वाचायची गरज वाटली नाही. माल चांगला निघत होता.

अकील गेला त्या दिवशी कबरस्तानातून परतताना तुळशीराम वायाळ माझ्याजवळ आले. ते धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतात, आमचे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, "लय वाईट झालं, शकीलभाई. माणूस मोठा मजेदार व्हता. पण काम काही अडणार नाही, हात तं तुमचाच व्हता." मी मान हलवली. एवढेच नाही, त्या बोलण्याने मला बरे वाटले. भावावर माती टाकून आलो होतो आणि मला बरे वाटले. हे लिहिताना मला सर्वांत जास्त त्रास होत आहे, म्हणून एकदाच लिहितो.

त्यानंतर चाके मी स्वतः आणली, माझ्या मताप्रमाणे कडक. कूलंट मीच कालवले, दाट. पहिल्याच डायवर निळा डाग आला. मग तुळशीरामची पाती परत आली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"पाहा बरं. झोप नाही का लागून राह्यली भाऊ गेल्यापासून?"

"झोपेचा काय संबंध?"

"मंग हे निळं काय होय? मी पाती देल्ली व्हती, मोराचं पीस नव्हतं देल्लं."

भिंगातून पाहिले तर धारेजवळ केसासारख्या भेगा होत्या. मी म्हणालो, भट्टीवाल्याने माल जाळला. भट्टीवाले म्हणजे जालन्याचे शालिग्राम खरात, ज्यांच्याकडून ती पाती कडक होऊन आली होती. मी पाती घेऊन तसाच जालन्याला गेलो आणि त्यांच्या कामगारांसमोर त्यांना म्हणालो, "तुम्हाले भट्टी नाही जमत, भजे तळा." शालिग्राम कपाळावरचा घाम पुसत उभे होते. ते एवढेच म्हणाले, "बसा, शकीलभाई. पाणी घ्या." मी बसलो नाही.

पुढे काही दिवसांनी मी सकाळी नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेलो. उमैमा मशीनचे कव्हर उघडून पाना हातात घेऊन उभी होती. माझे चाक खाली लाकडावर ठेवलेले.

"चाकाले हात काऊन लावला?"

"बदलून राह्यली होती, चाचा."

"कोणाले इचारून?"

मी आवाज चढवला. शेजारचा दुकानदार डोकावून गेला. तेव्हा ती म्हणाली, "अब्बानं सांगतलं होतं. दवाखान्यात. म्हणे, मी नसलो तं तू बदलत जाजो, चाचाले कळू देऊ नको. मले आधी हिंमत नाही झाली. तुळशीरामकाकाची पाती परत आली, तवापासून वाटून राह्यलं का आपली चूक आहे."

"काय बदलत जाजो?"

"चाक. तुम्ही कडक म्हणता, अब्बा मऊ आणत. अन् कूलंट तुम्ही दाट करून जाता, अब्बा सकाळी त्यात पाणी घालून पातळ करत. ते पिण्याच्या पाण्याचे जार येतात ना, ते टाकीतच जात. बोअरच्या पाण्यानं कूलंट फाटते."

"कवापासून?"

"मी शाळेत जात होती तवापासून तं मीच पाहून राह्यली. त्याच्या आधीचं मले नाही माहीत."

मी म्हणालो, खोटे आहे. तिने मऊ चाक बांधले, टाकी रिकामी करून पातळ कूलंट भरले आणि बाजूला झाली. शालिग्राम यांच्या भट्टीतल्या त्याच पातीचा, भेगांपासून दूरचा तुटका तुकडा मी मशीनवर लावला. मीच घासला, तिने हात लावला नाही. डाग नाही, भेग नाही. मी तुकडा पालथा करून दुसरी बाजू घासली. तीही स्वच्छ. मग मी खुर्चीवर बसलो. ती अकीलची खुर्ची होती हे नंतर लक्षात आले आणि उठलो.

तिला विचारले, अकीलने मला का नाही सांगितले. ती म्हणाली, "मी इचारलं होतं. तं हासले. म्हणे, स्टील कडक, माहा भाऊ कडक, चाक तरी मऊ असू दे."

हे ऐकून मला राग आला, हेही लिहितो. एवढी वर्षे मला लहान मुलासारखे खेळवले असे वाटले. दोन दिवस मी दुकानात गेलो नाही. खैरुन्निसाला सांगितले तर ती म्हणाली, "तुम्हाले सांगून पाहायचं कोणी? तुम्ही तं मुअज्जिनलेही वेळ सांगता." राग उतरल्यावर जे राहिले ते अजून तसेच आहे. बाजारात कोणी मला उस्ताद म्हणून हाक मारतो तेव्हा मी मान खाली घालून पुढे जातो. लोकांना वाटते मी भावाच्या दुःखात आहे. तेही खरे आहे, पण तेवढेच नाही.

मी पुन्हा जालन्याला शालिग्राम यांच्याकडे गेलो. या वेळी बसलो. सर्व सांगितले. ते म्हणाले, "मला माहीत व्हतं."

"कसं?"

"डाग वरच्यावर व्हता. भट्टीत जळालं असतं तर पाती सगळीच गेली असती."

"मग तेव्हा काऊन बोलले नाही?"

"चाळिसावा झाला नव्हता तुमच्या भावाचा. कसं बोलावं?"

त्यांच्या कामगारांना बोलावून मी त्यांच्यासमोर माफी मागितली. त्यातला एक मागे वळून हसला. त्याचे बरोबर आहे.

नौशादला मी हा कागद लिहिण्याआधी सांगितले. त्याचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान चांगले चालते आणि त्याला मशीनचा लोभ नाही. तो म्हणाला, "उमैमाले मशीन द्यायचं तं द्या, अब्बा. पण कारण काऊन लिहिता? लिहा का भावाची आठवण म्हून देल्लं."

"ते खरं कारण नाही."

"लोकं हासतील."

"हासू दे."

"तुमच्यावर नाही हासणार, तुम्ही तं नसान. माह्यावर हासतील. शकील उस्तादचा पोरगा म्हून मले बाजारात लोकं उठून जागा देतात."

नौशाद, तुझे नुकसान होत आहे हे मला समजते. पण आठवण म्हणून दिले असे लिहिले तर अकील पुन्हा खुर्चीवर बसलेला माणूसच राहतो आणि उमैमा फुकट मिळवणारी ठरते. तिला जालन्याच्या एका टूलरूममध्ये नोकरी मिळत होती. मी तिच्यावर ओरडलो त्याच आठवड्यात तिने अर्ज केला होता. मी थांब म्हटले आणि ती थांबली. तिच्याकडे मशीन गेले तर लोक तिला काम देतील का, हे या कागदावर अवलंबून आहे. माझ्या नावावर येणारे काम तिच्या बापाचे होते, हे लोकांना कळले तरच ते तिच्याकडे येतील. तुला लोकांनी उठून जागा द्यावी असे तुझ्या स्वतःकडे पुष्कळ आहे.

मी जिवंत आहे तोपर्यंत मशीनवर मी काम करीन, कारण घासायचा हात मला आहे, एवढे उमैमानेही मान्य केले. चाक आणि कूलंट ती निवडील. तसे आम्ही दिवाळीनंतर सुरू केले आहे.

कलम ५. चाकांविषयी. हे उमैमाला माहीत आहे. मी लिहितो ते मशीन चुकून दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेले तर त्याच्यासाठी, आणि मला पाठ झाले की नाही ते पाहण्यासाठी.

कडक स्टील घासताना चाकाचे कण लवकर बोथट होतात. चाक मऊ असले तर बोथट कण सुटून पडतो आणि खालचा धारदार कण वर येतो. चाक कडक असले तर बोथट कण जागा सोडत नाही, कापायचे सोडून नुसता चोळत राहतो, आणि त्या उष्णतेने माल जळतो. म्हणून कडक मालाला मऊ चाक आणि मऊ लोखंडाला कडक चाक. आयटीआयच्या पुस्तकात हे आहे. मलाही तेच पुस्तक होते. कूलंट फार दाट केले तर चाकाची भोके भरतात, मग मऊ चाकही कडक चाकासारखे वागते. आधी पाणी घ्यावे, त्यात तेल हळूहळू सोडावे, उलट करू नये. नळीचे तोंड चाक जिथे मालाला लागते तिथेच असावे.

मी आणलेली कडक चाके कपाटात आहेत. त्यांचा दोष नाही. मऊ लोखंडाच्या कामाला वापरावीत. त्यातले एक मी रागात खाली आपटले होते. ते दिसायला अखंड आहे, पण स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने ठोकले तर बद्द वाजते. ते मशीनवर चढवू नये, फिरताना फुटेल. त्यावर मी खडूने फुली केली आहे, पण फुली पुसली जाऊ शकते, म्हणून इथेही लिहिले.

कलम ६. दुकानाची पाटी. पाटीवर "शकील ग्राइंडिंग" आहे. ती ठेवायची की काढायची ते उमैमाने ठरवावे. तिने ठेवली तर माझ्या आग्रहाने ठेवली असे कोणी समजू नये.

कलम ७. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने भिंतीतली खिडकी बुजवली नाही. त्याचे पीठ आमच्या टाकीत पडून कूलंटला नासक्या भाजीसारखा वास येई आणि अकीलला सगळे फेकून पुन्हा कालवावे लागे. मी त्याला अनेकदा सांगितले. तो राग मी कोणाला देत नाही आणि माफही करत नाही. उमैमाने आपल्या बाजूने खिडकीला पत्रा मारून घ्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नी खैरुन्निसा हिने करावी. नौशादने तिला मदत करावी. वारसांना यात कुठे अन्याय वाटला तर त्यांनी आधी तिच्याशी बोलावे, मग वकिलाशी.

वरील सर्व मजकूर माझा आहे, माझ्या अक्षरात आहे, आणि खाली मी साक्षीदारांसमोर सही करत आहे.

शेख शकील शेख महेमूद
देऊळगाव राजा, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर शेख शकील यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. तुळशीराम वायाळ, देऊळगाव राजा
२. शालिग्राम खरात, जालना

साक्षीदाराने आतला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. पण मी दोघांना वाचायला लावला. तुळशीराम वाचता वाचता थांबले.

"मोराचं पीसही लिहिलं काय?"

"लिहिलं."

"ते खोडा, शकीलभाई. मी गमतीत बोललो व्हतो."

"नाही खोडत."

शालिग्राम यांनी चाकांचे कलम दोनदा वाचले, "बरोबर आहे" म्हणाले आणि सही केली. तुळशीराम यांनी कबरस्तानातल्या बोलण्याचे पान पुन्हा एकदा उलटून पाहिले आणि सही केली. चहा घेऊन दोघे सोबतच गेले.

जिनिंगची पाती अजून मशीनवर होती. शेवटचा हात मारायचा राहिला होता, तो मारला. मग कूलंटचा नळ बंद केला आणि चाक तसेच रिकामे फिरू दिले, कारण ओले चाक थांबवले तर पाणी एका बाजूला उतरते आणि चाकाचा तोल जातो. थेंब उडायचे बंद झाल्यावर मशीन बंद केले, पाती पुसून कागदात गुंडाळली आणि शटर ओढले.